सतरा वर्षांच्या मुलाचा रस्ता

कॅनडात सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा बर्फावर चमकू लागला, की पुढच्या हंगामात त्याने कुठे खेळावे हा प्रश्न त्याच्या घरापुरता उरत नाही. गावातली कॉफीची दुकाने, रेडिओवरचे कार्यक्रम, मैदानाबाहेरची तिकिटांची रांग, जिथे तिथे त्याचा हिशेब मांडला जातो. तो किती मोठा होईल, कोणत्या वाटेने गेला तर होईल, आज ज्या संघात आहे तो सोडला तर चुकेल का, यावर माणसे तावातावाने बोलतात. बोलणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्याला प्रत्यक्ष खेळताना एखाद्याच वेळी पाहिलेले असते. तरी या वादात आस्था खरी असते. जिथे हिवाळ्यात अंगणात पाणी सोडून त्याचे बर्फाचे मैदान करतात, तिथे गुणी मुलगा सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा होतो.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हॉकी म्हणताच गवताचे किंवा टर्फचे मैदान उभे राहते. ही हॉकी वेगळी. पायांत स्केट्स, चेंडूऐवजी कडक रबराची चकती, एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण, वीस मिनिटांचे तीन भाग, आणि अंगाला अंग भिडवून समोरच्याला कठड्यावर दाबणे नियमातच बसणारे. तिची सर्वांत वरची पायरी म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. अमेरिका आणि कॅनडा मिळून तिचे 32 संघ आहेत. त्या पायरीवर पोचण्याची रीत समजल्याशिवाय चाहत्यांच्या भांडणाचे मूळ समजत नाही.

ही रीत म्हणजे ड्राफ्ट. 1963 मध्ये माँट्रियलला पहिला ड्राफ्ट झाला. वर्षातून एकदा सगळे संघ अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांमधून आळीपाळीने निवड करतात. सात फेऱ्या होतात. आधीच्या हंगामात जे संघ तळाशी राहिले, त्यांच्यातून सोडतीने पहिला क्रमांक ठरतो. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याकडे त्या मुलाचे हक्क जातात आणि दुसऱ्या संघाला त्याच्याशी करार करता येत नाही. श्रीमंत शहरांनी सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, हा यामागचा हेतू रास्तच आहे. पण त्याची किंमत मुलगा मोजतो. आपल्या वयोगटात जो सर्वांत चांगला असतो तोच बहुधा सर्वांत मोडकळीला आलेल्या संघात जातो, आणि तिथे जायचे की नाही हे त्याला कोणी विचारत नाही. डॉक्टर किंवा अभियंता होणाऱ्या मुलाला नोकरीचे गाव निवडता येते; हॉकीपटूला पहिली काही वर्षे तेही नाही. म्हणून ड्राफ्टच्या आधीची दोन-तीन वर्षे महत्त्वाची ठरतात. त्या काळात कुठे खेळायचे हे ठरवणे बरेचसे त्याच्या हातात असते.

वाटा मुख्यतः तीन. पहिली कॅनडाची पारंपरिक वाट, मेजर ज्युनियर. ओंटारिओ, पश्चिम आणि क्विबेक-मॅरिटाइम्स अशा तीन लीग मिळून कॅनेडियन हॉकी लीग होते. सोळा ते वीस वर्षांची मुले तिथे एका हंगामात 68 पर्यंत सामने खेळतात. घर सोडून परगावी यजमान कुटुंबाकडे राहतात, तिथल्याच शाळेत जातात. पश्चिमेच्या लीगमध्ये मॅनिटोबापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत आणि खाली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन, ओरेगनपर्यंत बसने रात्र-रात्र प्रवास करतात. दुसरी वाट अमेरिकन विद्यापीठांची. तिथे सामने जेमतेम 35 ते 40, तेही बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. आठवड्याचे बाकीचे दिवस सराव, व्यायामशाळा आणि अभ्यास. समोर मात्र तेवीस-चोवीस वर्षांचे, अंगाने भरलेले खेळाडू असतात. तिसरी वाट युरोपातल्या व्यावसायिक संघांची. ती मुख्यतः स्वीडन, फिनलंड, रशियातल्या मुलांची, पण उत्तर अमेरिकेतला एखादा मुलगाही कधी तिकडे वळतो.

पहिल्या दोन वाटांमध्ये अनेक दशके एक भिंत होती. मेजर ज्युनियरमध्ये खेळलेला मुलगा व्यावसायिक झाला असे मानून अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएए त्याला विद्यापीठाच्या संघात घेत नसे. सराव सामना खेळला तरी दार बंद. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या आई-बापांना असा निर्णय घ्यावा लागे जो पुढे फिरवता येत नसे. ऑगस्ट 2024 मध्ये ओंटारिओच्या एका खेळाडूच्या वतीने या नियमाविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल झाला. सोळाव्या वर्षी तो ज्युनियर संघाकडून दोन सराव सामने खेळला होता, एवढ्यावर त्याचे विद्यापीठात खेळणे थांबले होते. 7 नोव्हेंबर 2024 रोजी एनसीएएने नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून भिंत पडली. कॅनडाच्या हॉकीत इतक्या वर्षांत मुलांच्या बाजूने झालेला हा सर्वांत मोठा बदल होय. सतराव्या वर्षी पुन्हा विचार करण्याची मुभा मिळणे ही साधी गोष्ट नाही.

भिंत पडल्यावर त्या दारातून गेलेले सर्वांत मोठे नाव गॅव्हिन मकेना. जन्म 20 डिसेंबर 2007. गाव व्हाइटहॉर्स, कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉनची राजधानी. युकॉनच्या मूलनिवासी ट्रॉन्डेक ह्वेचिन समाजाचा तो मुलगा. 2022 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पश्चिमेच्या लीगने घेतलेल्या निवडीत त्याचे नाव पहिले पुकारले गेले आणि तो अल्बर्टातल्या मेडिसिन हॅट टायगर्सकडे गेला. साठ-पासष्ट हजार वस्तीचे हे शहर. पहिल्याच पूर्ण हंगामात, 2023-24 मध्ये, 61 सामन्यांत त्याने 97 गुण मिळवले. हॉकीत गोलाला एक गुण आणि गोल करून देणाऱ्या पासलाही एक गुण धरतात. पुढच्या हंगामात 56 सामन्यांत 129: स्वतःचे 41 गोल आणि 88 साहाय्य. तिन्ही लीगमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आणि जुलै 2025 मध्ये त्याने जाहीर केले, की पुढचा हंगाम मेडिसिन हॅटला नाही, पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात.

यावर जो वाद पेटला त्यात दोन्ही बाजू विचारी होत्या, हे आधी सांगायला हवे. जाण्याच्या बाजूचे म्हणत, की दर सामन्याला दोनाहून अधिक गुण मिळवणाऱ्या मुलाला ज्युनियरमध्ये शिकण्यासारखे काय उरले? सोळा-सतरा वर्षांचे बचावपटू त्याला अडवू शकत नाहीत, म्हणून जागा नसताना जागा कशी काढायची हे तो शिकणार नाही. अंगाने तो सडपातळ आहे; कमी सामने आणि जास्त व्यायाम हीच त्याची गरज. पेन स्टेटने 2012 मध्ये वरच्या श्रेणीची हॉकी सुरू केली आणि 2025 च्या वसंतात पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत धडक मारली होती. सुविधा उत्तम, मैदान नवे. शिवाय 2024 मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला आलेला मॅकलिन सेलेब्रिनी बोस्टन विद्यापीठातूनच गेला होता.

राहण्याच्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. एनएचएलचा हंगाम तेव्हा 82 सामन्यांचा. थकलेल्या पायांनी, सलग रात्री, बसमधून उतरून थेट बर्फावर जाण्याची सवय ज्युनियरमध्येच लागते. विद्यापीठात नवखा असल्याने गुण कमी पडले तर निवडणाऱ्यांच्या मनात शंका येईल आणि पहिला क्रमांक हातचा जाईल. इथे तो संघाचा कणा आहे. तिथे बावीस वर्षांच्या सोबत्यांमध्ये धाकटा. वर्चस्व गाजवणे हेही एक शिक्षणच, संघ अडचणीत असताना चकती मागून घेण्याची सवय त्यातूनच लागते. आणि या सगळ्याच्या तळाशी, मोठ्याने न बोललेले: मेडिसिन हॅटने त्याला चौदाव्या वर्षी निवडले, जपले, वाढवले. आता गोडी आल्यावर निघून जाणे बरे का?

या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एक उणीव आहे. ते सरासरी मुलाबद्दल बोलतात. सरासरी मुलाला 68 सामने चांगले की 38, याचे उत्तर कदाचित काढता येईल. पण एखाद्या विशिष्ट मुलाला काय हवे ते त्याच्या झोपेवर, वजनावर, घरच्या ओढीवर, प्रशिक्षकाशी जुळणाऱ्या तारांवर ठरते. यातले काहीही प्रेक्षागृहातून दिसत नाही. 2015 च्या ड्राफ्टमध्ये हे सगळ्यांसमोर घडले. पहिला निवडला गेला कॉनर मॅकडेव्हिड, ओंटारिओच्या ज्युनियर लीगमधून आलेला. दुसरा जॅक आयकल, बोस्टन विद्यापीठातून. त्या वर्षी कोणती वाट खरी यावर दोन्ही देशांत पैजा लागल्या. मॅकडेव्हिड त्याच्या पिढीतला सर्वांत मोठा खेळाडू ठरला, तरी 2024 आणि 2025 अशा दोन अंतिम फेऱ्या हरला. आयकलचे मानेच्या शस्त्रक्रियेवरून आपल्या संघाशी बिनसले, तो दुसरीकडे गेला आणि 2023 मध्ये एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅनले कप उंचावला. एवढ्या आयुष्यानंतर ज्युनियर की विद्यापीठ याचा कौल यातून काढू म्हटले तर निघत नाही. वाट कुठून सुरू झाली याला पुढे फार थोडे महत्त्व उरले.

मकेनाच्या जन्मतारखेकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण सारा वाद ज्यावर उभा आहे ते 'वय' किती निसरडे असते हे तिथे दिसते. कॅनडात मुलांचे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीचा, ताकदीचा, समजेचा मोठा फरक. मोठा दिसणारा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि काही वर्षांत तो खरोखरच चांगला होतो. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ज्युनियर संघांतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले त्यांत फार जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतले फार कमी भरले. किती गुणी मुले केवळ नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मल्यामुळे दहाव्या वर्षीच मागे टाकली गेली असतील, हे कोणत्याही यादीत येत नाही. चाहत्यांच्या चर्चेत तर नाहीच, कारण चर्चा उरलेल्यांची होते.

मकेना 20 डिसेंबरचा. म्हणजे आपल्या गटातला जवळजवळ सर्वांत धाकटा. तो चाळणीतून वर आला याचे मोल म्हणून अधिक. पण एनएचएलची तारीख वेगळी आहे. 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण करणारा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र. मकेना तीन महिन्यांनी हुकला, म्हणून त्याचा ड्राफ्ट 2025 ऐवजी 2026 चा. लहान गटातला धाकटा इथे एकदम थोरल्यांपैकी झाला. त्याच आकड्यांकडे पाहून एक चाहता म्हणतो, एवढ्या कोवळ्या वयात एवढे गुण. दुसरा म्हणतो, बाकीच्यांपेक्षा वर्षभर जास्त मिळाले आहे, त्यात नवल काय. दोघेही तारखेच्या खेळावर बोलत असतात. मुलगा तोच आहे.

ऑस्टन मॅथ्यूजचे असेच झाले होते. जन्म 17 सप्टेंबर 1997, म्हणजे केवळ दोन दिवसांनी 2015 चा ड्राफ्ट चुकला. ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेल्या या मुलाला ज्युनियरमध्ये जागा होती, विद्यापीठेही तयार होती. त्याने दोन्ही सोडून स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या व्यावसायिक संघाशी करार केला आणि एक हंगाम मोठ्या माणसांत खेळला. 36 सामन्यांत 24 गोल. पुढच्या वर्षी टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये एनएचएलच्या पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले. दोन दिवसांच्या चुकामुकीतून त्याने स्वतःसाठी एक वर्ष काढून घेतले. हॉकीतल्या तरुण खेळाडूंनी घेतलेल्या निर्णयांत इतका विचारपूर्वक निर्णय क्वचितच सापडेल.

होतकरू मुलात किती दम आहे हे ओळखण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. नुसते गुण आता कोणी मोजत नाही. ते दोन्ही संघांची संख्या समान असताना मिळाले की प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, सोबत कोण होते, लीग किती अवघड, मुलाचे नेमके वय किती महिने, सगळे धरून एनएचएलमध्ये त्याचे किती गुण होतील याचा अंदाज बांधतात. स्काऊट, म्हणजे संघांचे पारखी, दुसऱ्या गोष्टी पाहतात: चकती ताब्यात नसताना तो कुठे असतो, वळताना वेग किती घटतो, मार खाल्ल्यावर पुढच्या पाळीत कसा उतरतो. तरीही चुका होतात आणि त्या लहान नसतात. पाव्हेल दात्सुक 1998 मध्ये 171 वा निवडला गेला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याआधी कोणालाच तो नको होता. हेन्रिक झेटरबर्ग 1999 मध्ये 210 वा. दोघांना डेट्रॉईटनेच घेतले आणि दोघांनी मिळून 2008 चा स्टॅनले कप आणला. गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट 2000 मध्ये 205 वा. उलट 1993 मध्ये ओटावाने अलेक्झांडर देगला पहिल्या क्रमांकावर घेऊन पाच वर्षांचा सव्वाकोट डॉलरच्या घरातला करार दिला. तो 616 सामन्यांत 327 गुणांवर थांबला, आणि नवख्यांच्या पगारावर पुढे जी मर्यादा आली तिला त्याच्या कराराचेही निमित्त होते. देग वाईट खेळाडू नव्हता. सहाशे सामने खेळणे ही मोठीच गोष्ट आहे. अठराव्या वर्षी त्याच्यावर जे स्वप्न लादले गेले त्याच्या मानाने तो लहान ठरला, आणि त्या स्वप्नाची शिक्षा मात्र त्याला झाली.

चाहत्यांचा राग कुठून येतो हे कळायला 1991 कडे जावे लागते. एरिक लिंड्रोस, ओंटारिओतल्या लंडनमध्ये जन्मलेला, अठराव्या वर्षीच साडेसहा फुटांच्या जवळ पोचलेला, ताकद आणि हात दोन्ही असलेला. असा खेळाडू पिढीतून एकदा येतो असे सगळे म्हणत. क्विबेक नॉर्डिक्स हा संघ तळाशी होता, म्हणून पहिला क्रमांक त्यांचा. आपण तिथे खेळणार नाही, हे लिंड्रोसने आधीच सांगितले होते. त्यांनी तरीही त्याला निवडले. मंचावर त्याने संघाची जर्सी हातात घेतली, अंगात घातली नाही. याआधी 1989 मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने सू सेंट मारीच्या ज्युनियर संघालाही असाच नकार दिला होता. घरापासून फार दूर, हे कारण. तेव्हा त्याचे हक्क ओशावाच्या संघाला गेले आणि 1990 मध्ये ओशावाने कॅनडाच्या ज्युनियर हॉकीचा सर्वोच्च मेमोरियल कप जिंकला. त्यामुळे 1991 मध्ये अनेकांनी ठरवूनच टाकले, की मुलगा गर्विष्ठ आहे आणि आई-बाप त्याला नाचवतात. त्याच्या आईवर तर लोकांनी विशेष तोंडसुख घेतले.

क्विबेकमध्ये हा नकार हॉकीपुरता राहिला नाही. फ्रेंच भाषकांचे कॅनडाशी नाते त्या वर्षांत ताणलेले होते. 1990 मध्ये क्विबेकला राज्यघटनेत वेगळे स्थान देऊ पाहणारा मीच लेक करार फसला होता आणि ऑक्टोबर 1992 मध्ये राज्यघटनेवर सार्वमत होणार होते. इंग्रजी बोलणारा ओंटारिओचा मुलगा आपल्या शहरात यायला नको म्हणतो, याचा अर्थ लोकांनी आपल्या भाषेचा अपमान असा घेतला. आपला आक्षेप भाषेवर नसून संघाचे मालक मार्सेल ओबुत यांच्यावर होता, असे लिंड्रोसने पुढे सांगितले. सार्वमताच्या त्याच महिन्यात तो प्रतिस्पर्धी संघाकडून क्विबेकला आला, तेव्हा प्रेक्षकांनी बाळांच्या तोंडात देतात त्या चोखण्या बर्फावर फेकल्या. एकोणीस वर्षांच्या खेळाडूवर एका शहराने असा राग काढणे योग्य नव्हते. पण तो राग खोटा नव्हता. गेलेल्या खेळाडूइतकीच, आपण कोणाला हवेसे वाटत नाही ही बोच त्यात होती.

ड्राफ्टनंतर वर्षभर लिंड्रोस ओशावाकडून आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला, 1992 च्या आल्बेर्व्हिल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. जून 1992 मध्ये नॉर्डिक्सने त्याला एकाच वेळी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स अशा दोन संघांना देऊन ठेवले आणि लवादाला निकाल द्यावा लागला. तो फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. बदल्यात क्विबेकला मिळाले सहा खेळाडू, ज्यांत स्वीडनचा कोवळा पीटर फोर्सबर्ग होता, शिवाय पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि दीड कोट डॉलर. एका हंगामात नॉर्डिक्स गुणतक्त्यात 52 गुणांवरून 104 वर गेले. त्या निवडींपैकी एकीतून गोलरक्षक जोसलीन तिबो आला, आणि 1995 मध्ये त्यालाच माँट्रियलला देऊन गोलरक्षक पॅट्रिक रुआ मिळाला. 1996 मध्ये या संघाने स्टॅनले कप जिंकला. फक्त तोवर संघ क्विबेकमध्ये उरला नव्हता. 1995 मध्येच तो विकला जाऊन डेन्व्हरला गेला आणि कोलोरॅडो ॲव्हलांच झाला. ज्या लोकांनी सगळ्यात जास्त सोसले त्यांना कप पाहायला मिळाला तो दूरचित्रवाणीवर.

आणि लिंड्रोस? बाविसाव्या वर्षी, 1995 मध्ये, लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी. 1997 मध्ये अंतिम फेरी, तीही डेट्रॉईटकडून चार सामन्यांत संपली. त्यानंतर डोक्याला मार, पुन्हा मार. मे 2000 मध्ये स्कॉट स्टीव्हन्सची धडक बसून तो बर्फावर निपचित पडला. संघाच्या व्यवस्थापनाशी त्याचे आधीच पटत नव्हते. पुढचा अख्खा हंगाम तो खेळला नाही. शेवटी 760 सामने, 865 गुण, 2016 मध्ये हॉल ऑफ फेम. फोर्सबर्ग 708 सामने, 885 गुण, दोन स्टॅनले कप. हे आकडे शेजारी ठेवून लिंड्रोसचा निर्णय चुकला असे म्हणणारे आजही आहेत. ते न्याय्य नाही. मेंदूला होणारी इजा 1991 मध्ये कोणी लिहून ठेवली नव्हती, आणि क्विबेकच्या जर्सीत ती टळली असती असे मानायला आधार नाही. निर्णयाचे मोल तो घेतला त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरच करावे लागते. त्या दिवशी एक अठरा वर्षांचा मुलगा एवढेच सांगत होता, की ज्या मालकावर विश्वास नाही त्याच्यासाठी काम करणार नाही. हाच हक्क प्रत्येक कारकुनाला असतो.

पस्तीस वर्षांत चाहते फारसे बदललेले नाहीत. फिलाडेल्फियाने 2022 मध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलेल्या कटर गॉतिएने बोस्टन कॉलेजमध्ये शिकत असतानाच या संघाशी करार करायचे नाकारले, आणि जानेवारी 2024 मध्ये त्याला ॲनाहाइमला द्यावे लागले. एका वर्षाने तो फिलाडेल्फियाला खेळायला आला, तेव्हा त्याच्याकडे चकती गेली की स्टेडियम दणाणून हुर्यो होई. लिंड्रोसच्या नकारावर ज्या शहराने आपला संघ उभा केला, त्याच शहराला दुसऱ्या मुलाचा नकार सोसवला नाही. नकाराचे कारण गॉतिएने उघडपणे सांगितले नाही, आणि ते सांगायला तो बांधील नव्हता.

पैशाचा मुद्दा लपवण्याचे कारण नाही. 2021 पासून अमेरिकन विद्यापीठातल्या खेळाडूला आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमावता येते, आणि जुलै 2025 पासून विद्यापीठे थेटही पैसे देऊ शकतात. मकेनाला वर्षाला सात लाख डॉलरच्या आसपास मिळतील अशा बातम्या आल्या. ज्युनियरमध्ये मिळतो तो किरकोळ हातखर्च आणि खेळलेल्या हंगामांच्या हिशेबाने पुढच्या शिक्षणाची मदत. सामन्याला हजारो तिकिटे ज्याच्यामुळे खपतात त्या मुलाने हा फरक पाहूच नये, ही अपेक्षा सहसा तेच धरतात ज्यांच्या मुलाला असा देकार आलेला नसतो. हॉकी हा महागडा खेळ आहे. स्केट्स, संरक्षक साहित्य, बर्फाचे तास, परगावच्या स्पर्धा. घरच्यांनी दहा-बारा वर्षे ओतलेला पैसा कोणी मोजत नाही.

खरे दुःख लहान शहरांचे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मेडिसिन हॅटसारख्या ठिकाणी हिवाळ्यातली संध्याकाळ म्हणजे हॉकीचा सामना. यजमान कुटुंबे परक्या मुलाला पोटच्या पोरासारखे जेवू घालतात, शाळा त्याच्या परीक्षा सामन्यांप्रमाणे पुढे-मागे करते. नव्या नियमाने ही गावे त्यांच्या सर्वांत चांगल्या मुलांना वर्ष-दोन वर्षे आधी मुकणार, हे उघड आहे. पेन स्टेटसारख्या श्रीमंत विद्यापीठांपुढे त्यांचे काही चालणार नाही. तिन्ही लीगनी आणि विद्यापीठांनी बसून या संघांना काही मोबदला मिळेल अशी व्यवस्था लावली पाहिजे. ते काम मोठ्यांचे आहे, मुलाच्या निष्ठेवर ते ढकलता येत नाही. मकेना गेला तो संघाला अर्ध्यावर सोडून गेला नाही. त्याच्याच हंगामात, मे 2025 मध्ये, टायगर्सनी स्पोकेनला हरवून 2007 नंतर पहिल्यांदा पश्चिमेचे विजेतेपद मिळवले आणि 1 जूनला मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. मेडिसिन हॅटचे त्याच्यावर जे काही ऋण होते, ते त्याने पेन स्टेटचे नाव घेण्याआधीच फेडले होते.